वडिलांच्या अक्षरातलं माझं नाव

माझे वडील पेणच्या बाजारपेठेतल्या एका लहान पतपेढीत वसुलीचे कारकून होते. कर्ज मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं, ते काम संचालकांचं. पण दिलेलं कर्ज परत येईल की बुडेल, हे संचालकांच्या आधी त्यांना कळतं असं सगळे म्हणत. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ते दोनच गोष्टी विचारायचे. पैसे कशाला हवेत, आणि परत द्यायला येणार कुठून.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी घरी सांगितलं की मला एम.एस.डब्ल्यू. करायचं आहे, समाजकार्याची पदवी, मुंबईला राहून. तेव्हा त्यांनी मलाही तेच विचारलं.

"हे शिकून माणूस काय होतो?"

"समाजकार्यकर्ता."

"त्याला पगार कोण देतं?"

"संस्था देतात."

"संस्थेला कोण देतं?"

ते मला माहीत नव्हतं. वडिलांनी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बारावीला मला बरे मार्क होते, तेव्हाच डी.एड.ला सहज प्रवेश मिळाला असता, दोन वर्षांत झेडपीच्या शाळेत लागले असते. तेव्हा मी ऐकलं नाही. आता निदान बी.एड. कर, असं त्यांचं आणि आईचं मत होतं. माझ्या डोक्यात मात्र कॉलेजच्या शिबिरातली एक बाई बसली होती. आमचं शिबिर गागोदे बुद्रुकला होतं. तिथे मुंबईची एक कार्यकर्ती आली होती. गावातल्या एका विधवा आजीची पेन्शन कुठे तरी अडकली होती. ही बाई आजीच्या ओट्यावर बसली, सगळं ऐकून घेतलं, तलाठ्याला बोलावून आणलं, आणि आम्ही रस्त्याचे खड्डे भरत होतो तेवढ्या वेळात तिने ते काम मार्गी लावलं. असं काम करूनही पोट भरतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कसं भरतं, ते तिला विचारायचं राहून गेलं.

वडिलांनी आठवडाभर विषय काढला नाही. मग एके दिवशी पतपेढीतून येताना अर्ज घेऊन आले. फी फार नव्हती, पण वसतिगृह, जेवणखाण, येणंजाणं धरून दोन वर्षांना अठरा हजार लागत होते. जामीनदार म्हणून त्यांनी स्वतःची सही केली. सही करताना म्हणाले, "दुसरा कोणी हा अर्ज घेऊन आला असता तर मी साहेबांना देऊ नका म्हणून सांगितलं असतं." ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसले.

मुंबईची दोन वर्षं चांगली गेली. त्याबद्दल इथे काही सांगत नाही. परत आले ती रोह्यात कार्यालय असलेल्या एका छोट्या संस्थेत नोकरी घेऊनच आले. पेणच्या खाडीकाठच्या गावांत बायकांचे बचत गट उभे करायचं काम होतं. महिना बाराशे रुपये मानधन. आईने विचारलं, "मानधन म्हणजे महिन्याच्या महिन्याला मिळतं ना?" मी म्हटलं, हो. तेव्हा ते मलाही खरंच वाटत होतं.

पतपेढीचा हप्ता साडेसहाशेचा होता. उरलेल्यात गावोगावचं एसटीचं भाडं जायचं, ते संस्था देईल तेव्हा देईल. घरी मी काहीच देत नव्हते. माझ्याबरोबरची एक मैत्रीण बारावीनंतर डी.एड.ला गेली होती. ती कोलाडकडच्या एका शाळेत होती आणि तिला माझ्या दुपटीहून जास्त पगार होता. रोह्याला जाताना कधी कधी ती एसटीत भेटायची. तिकीट तीच काढायची. मी पर्स उघडायला लागले की माझा हात दाबून म्हणायची, "राहू दे गं." तिच्या मनात काही नसायचं. मला मात्र तिच्या शेजारी बसणं जड जायला लागलं. ती थांब्यावर दिसली की मी पुढच्या गाडीने जायचे.

पहिलं वर्ष तरी सरळ गेलं. दुसऱ्या वर्षी एप्रिलचं मानधन आलं नाही. आमच्या संस्थेचे सर म्हणाले, वरून अनुदान अडकलंय, पुढच्या महिन्यात एकदम येईल. मे महिनाही तसाच गेला. वडील म्हणाले, "मी भरतो या वेळचा हप्ता."

मी नको म्हटलं. त्यांचाच पगार किती होता! आई पोह्याचे पापड लाटून द्यायची, त्यावर घरातलं वरखर्चाचं भागायचं. एवढं शिकून वडिलांच्या पगारातून माझा हप्ता जावा, हे मला सहन होईना. मी म्हटलं, "अनुदान आलं की मी सगळे एकदम भरीन. तुम्ही हात लावायचा नाही." मी जरा चढ्या आवाजातच बोलले. ते "बरं" म्हणाले.

जूनचंही आलं नाही.

पतपेढीचा एक नियम होता. ज्याचे लागोपाठ तीन हप्ते राहिले, त्याचं नाव बाहेरच्या पाटीवर जायचं. दाराशेजारी भिंतीवर, पावसाच्या पत्र्याखाली एक मोठी काळी पाटी होती. वर पांढऱ्या रंगात 'थकबाकीदार' लिहिलेलं, खाली नाव, गाव आणि जामीनदार असे रकाने. दर तिमाहीला ती पुसून नव्याने लिहायची. ते काम वडिलांचं, कारण त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. आणि हा नियम तरी कोणी धरून ठेवला होता? वडिलांनीच. पूर्वी संचालकांच्या नात्यातली नावं गळायची. वडिलांनी एकदा सभेत उभं राहून सांगितलं होतं की नावं गाळायची असतील तर पाटी दुसऱ्या कोणी तरी लिहावी. तेव्हापासून कोणाचंच नाव गळलं नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला ते संध्याकाळी घरी आले, ओली छत्री दारात उघडी करून ठेवली आणि चहा घेता घेता म्हणाले, "उद्या पाटी लिहायचीय. तुझं नाव येतंय."

मी म्हटलं, "बाबा, अनुदान मंजूर झालंय. सर म्हणाले, पंधरा दिवसांत येतील पैसे. थोडं थांबा."

"अध्यक्ष पण तेच म्हणाले. म्हणाले, घरचंच आहे, राहू द्या."

"मग?"

"बाजारातला एक भाजीवाला थकलाय, तो पण म्हणाला होता, गौरी-गणपतीला धंदा होईल, तोवर थांबा. त्याला थांबलो नाही मी." त्यांनी कप खाली ठेवला. "अजूनही उद्या सकाळी मी भरू शकतो. तू हो म्हण."

आता विचार करते तेव्हा वाटतं, तेव्हा हो म्हणायला काय हरकत होती? पण मी महिन्याभरापूर्वी आवाज चढवून बोलले होते आणि तो शब्द खाली घेणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "नियम आहे तर लिहा."

त्यांनी लिहिलं. माझं नाव, गाव पेण, आणि जामीनदाराच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. एका ओळीत आमचं आडनाव दोनदा आलं होतं. मी ते मुद्दाम बघायला गेले नाही, पण बाजारातून जाताना नजर गेलीच. इतर नावं जितकी नेटकी होती तितकंच माझंही होतं. रोज सकाळी त्याच पाटीशेजारचं शटर वर करून वडील कामाला बसत होते. आई बाजारात मागच्या गल्लीने जायला लागली. त्या तिमाहीत वसुली मात्र जोरात झाली. भाजीवाला येऊन पैसे मोजून गेला. "तुमी घरापासून सुरुवात केलीत, आता आमी काय बोलायचं," असं तो वडिलांना म्हणाला. हे त्यांनी घरी आनंदाने सांगितलं. सांगता सांगता माझ्याकडे नजर गेली आणि ते हातपाय धुवायला उठले.

खाडीकाठच्या एका गावात माझा सगळ्यात चांगला गट होता. सगळ्या बायका मिठागरावर काम करणाऱ्या. उन्हाळाभर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायच्या, आणि पावसाळ्यात मिठागर बंद झालं की शेतात. गट ज्यांच्या ओटीवर भरायचा त्यांना मी मावशी म्हणायचे. चाळिशीच्या होत्या. त्यांना सही करता येत नव्हती, पण कोणी किती भरले आणि कोणाचे किती राहिले हे त्यांना तोंडपाठ. त्यांची थोरली मुलगी त्या वर्षी दहावी पास झाली होती, आणि चांगली झाली होती. गावातल्या मुलींपैकी आधी कोणी एवढी पुढे गेलीच नव्हती. ती माझ्या मागे मागे असायची. माझी पिशवी धरायची, मी वहीत काय लिहिते ते वाकून बघायची. एकदा म्हणाली, "ताई, मना पन तुमच्यासारकं काम करायचंय." मला केवढा अभिमान वाटला होता! मी मावशींचं मन वळवलं. पेणला अकरावी, मग कॉलेज, मग माझ्यासारखीच मुंबई. गटातून फीपुरतं कर्ज देता येईल असंही ठरलं. "पेणला जाऊन प्रवेशाचा अर्ज घेऊन या," असं त्या दोघींना मीच सांगितलं.

त्या दोघी अर्ज घ्यायला पेणला आल्या त्या दिवशी जोराचा पाऊस लागला. त्या पतपेढीच्या पत्र्याखाली थांबल्या. थांबल्या थांबल्या मुलीने पाटी वाचली. मोठ्याने वाचली, कारण वाचलेलं आईला ऐकवायची तिला सवय होती.

गावात अमावास्येला शेतात उतरत नाहीत, म्हणून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत गटाची बैठक अमावास्येला असायची. मी पोचले तेव्हा सगळ्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. एरवी मलाच एकेकीला घरून बोलवावं लागायचं. पैसे जमा करायला मी वही उघडली, तर मावशी म्हणाल्या, "बाय, येक इचारू?"

"विचारा की."

"पेनला पाटीवर तुजं नाव हाय."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. घरातलं कोणी आजारी आहे का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. माझ्या कानशिलांना मात्र चटका बसल्यासारखं झालं.

"हो, आहे. तीन महिने मानधन आलं नाही. हप्ते राहिलेत."

"कर्ज कनाला काडलंस?"

"शिकायला."

"किती?"

मी आकडा सांगितला. कोणी तरी 'गो बाय' म्हणालं.

"आनि तुला देतात किती?"

तेही सांगितलं. मागे बसलेली एक जण म्हणाली, "येवडं तर आमच्या मुकादमाला पन भेटतंय. तो चवथी शिकलाय." एक-दोघी हसल्या आणि मावशींनी मागे वळून बघितल्यावर गप्प बसल्या.

"आमी हप्ता चुकवला तर तू दंड लावतीस," मावशी म्हणाल्या.

"लावते."

"मंग तुला कोन लावतो?"

"पतपेढी लावते. दंडव्याज."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना रास्त वाटलं असावं. मग त्यांनी गटाच्या पैशांची गोष्ट काढली. जमलेले पैसे दर महिन्याला मी पेणला बँकेत भरायचे आणि पासबुक माझ्याकडे असायचं. वर्षभर मी त्यांच्या मागे लागले होते की हे काम तुम्ही करा, दोघी जणी बँकेत चला, मी शिकवते. तेव्हा सगळ्या "तूच भर गो, आमाला काय कलतंय" म्हणून हात झटकायच्या. आता मावशींनी पासबुक मागितलं. म्हणाल्या, "तू खानार नाय ते आमाला म्हाईत हाय. पन घरात अडचन आसली म्हंजे मानसाचं मन वाईट असतं." मी पिशवीतून पासबुक काढून दिलं. त्यांनी ते पदराला पुसून मांडीखाली ठेवलं.

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'गटातील महिला आता बँकेचे व्यवहार स्वतः करतात.' रोह्याला सरांनी ते वाचलं आणि खूश होऊन दुसऱ्या कार्यकर्त्यांना दाखवलं.

पण बैठक तेवढ्यावर संपली नव्हती. मुलगी दारात उभी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अर्ज हातात धरून. मावशी तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिनं फारम आनलाय. आता तूच सांग. भरू का नको भरू?"

"भरा," मी म्हटलं.

"तुज्यासारकी शिकंल?"

"शिकेल."

"मंग हिचं नाव कंच्या पाटीवर जाईल?"

मी म्हटलं, सगळ्यांचं असं होत नाही. मी म्हटलं, अनुदान आलं की माझेही पैसे भरून होतील. मी म्हटलं, शिक्षण कधी वाया जात नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझाच आवाज मला शाळेतल्या भाषणासारखा वाटत होता.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजा बाप पतपेढीत कामाला. शिकलेला. त्याला झेपलं नाय. आमी तर मिठावरची मानसं."

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, त्याला त्याचा निर्णय कसा घेऊ द्यायचा, ते सगळं शिकवलं होतं. त्यांनी निर्णय घेतला होता. मी मुलीकडे बघितलं नाही. मी वही मिटली आणि पुढच्या अमावास्येला येते म्हणून निघाले. एसटीच्या फाट्यापर्यंत ती नेहमी सोडायला यायची. त्या दिवशी आली नाही.

घरी आल्यावर मी वडिलांवर भडकले. कोणावर तरी भडकायचंच होतं. ते जेवायला बसले होते. मी म्हटलं, "तुमच्या पाटीमुळे एका मुलीचं शिक्षण सुटतंय, माहीत आहे?" आणि सगळं सांगितलं.

त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "पाटीमुळे नाही गं. हप्त्यामुळे."

आई म्हणाली, "तिला जेवू तर द्या आधी."

मी ताटावर बसले. मग वडीलच म्हणाले, "मी त्या दिवशी तुला नाही म्हणायला हवं होतं. रोज शटर उघडताना वाटतं तसं. माझ्याकडे कितीक अर्ज येतात. मी तोंडावर नाही म्हणतो. तुला म्हणता आलं नाही." त्यांनी असं म्हणावं याचं मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना नीट उत्तरही दिलं नाही. मला म्हणायचं होतं की तुमचं काही चुकलं नाही. पण तसं म्हटलं तर चूक कोणाची, हे पुढे आलंच असतं.

अनुदान महिन्याच्या शेवटी आलं. मी त्याच दिवशी थकलेले हप्ते दंडव्याजासह भरले. पावती वडिलांनीच फाडली. पाटी मात्र तिमाही संपेपर्यंत पुसायची नाही, असाच नियम होता. त्यामुळे पैसे भरूनही सप्टेंबर संपेपर्यंत माझं नाव तिथेच होतं. गणपतीच्या बाजाराला सगळा तालुका पेणला आला आणि गेला.

तोवर मावशींची मुलगी पेणच्याच एका गणपतीच्या कारखान्यात कामाला लागली होती. सणाच्या आधी त्यांना माणसं हवीच असतात. मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम, नगावर पैसे. मी मुद्दाम भेटायला गेले. पांढऱ्या मूर्तींच्या रांगांमध्ये ती बसली होती. केसांवर, पापण्यांवर, हातांवर सगळी पांढरी धूळ. मला बघून उठली आणि ओढणीने स्टूल पुसून दिलं. घरचं विचारलं, गटाचं विचारलं. कारखान्यात पैसे किती मिळतात ते मी विचारलं. तिने सांगितलं. सणाच्या दिवसांत ते माझ्या मानधनाच्या बरोबरीला येत होते, आणि आठवड्याच्या आठवड्याला हातात पडत होते.

निघताना तिने हळूच विचारलं, "ताई, त्या तुमच्या कोर्सला विंग्लिश लागतं का?"

मी म्हटलं, "थोडं."

"थोडं येतंय मना," ती म्हणाली, आणि पुन्हा मूर्ती मांडीवर घेतली.

त्यानंतर मी सरकारी जागेसाठी अर्ज केला. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका, रोहा तालुक्यात. परीक्षा दिली आणि निवड झाली. पगार चांगला, आणि महिन्याच्या महिन्याला. त्या जागेला साधी पदवी चालत होती. म्हणजे ज्या शिक्षणासाठी अठरा हजार काढले, त्याच्याशिवाय मिळणाऱ्या नोकरीच्या पगारातून मी त्यातले उरलेले हप्ते फेडले. वडिलांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं असणार. त्यांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही.

संस्था सोडताना सर रागावतील असं मला वाटलं होतं. खाडीकाठचे पाच गट मी उभे केले होते, आणि माझ्या जागी कोणी मिळालं नव्हतं. सरांनी राजीनामा वाचला आणि म्हणाले, "जा. घरात बायकोचा पगार नसता तर मीही एवढे दिवस थांबलो नसतो." त्यांची बायको रोह्याच्या एका कंपनीत कामाला होती, घर तिच्या पगारावर चालायचं, हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षभरात माझ्या पाच गटांपैकी तीन मोडले. मावशींचा राहिला. पासबुक त्यांच्याकडेच होतं.

सरकारी नोकरीचे पहिले दोन पगार हातात आल्यावर मी एकदा मावशींकडे गेले. मनाशी ठरवून गेले होते. म्हटलं, "हिची अकरावीची फी मी भरते. कॉलेजचीही भरेन. कर्ज नाही, मी देते. परत करायचं नाही."

मावशींनी मला पाणी दिलं, बोंबलाची चटणी आणि भाकरी खायला घातली. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "तुजे पैसं घेतले तर ती तुजी देनेकरी. ती पाटी कोनाला दिसनार नाय, पन आमाला दिसंल." मी खूप समजावलं. त्या ऐकेनात. शेवटी मुलीलाच विचारा म्हटलं. मुलगी चुलीशी होती. ती म्हणाली, "आता रंगावं घेतलंय मना. मालक बोलले, पुडच्या साली डोळ्यांची आखनी शिकवतो." आणि मग, माझी समजूत घालावी तशा आवाजात, "र्‍हाऊ दे, ताई."

माझा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी वडिलांनी घरी पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले. मी एक खाल्ला.

मावशींच्या मुलीचं लग्न पुढे काही वर्षांनी झालं. नवरा जवळच्या जिते गावचा, रेल्वेत कामाला. मला घरी येऊन आमंत्रण दिलं होतं. मांडवात गेले तर मावशींनी हाताला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. मुलगी छान दिसत होती. कारखान्यात तिने चार वर्षं काम केलं होतं, आखणीपर्यंत पोचली होती, अंगावरचा एक दागिना तिने स्वतःच्या पैशांनी केला होता. लग्नानंतर नवऱ्याकडचे काम करू देतील का, हे अजून ठरलं नव्हतं.

पंगतीला मावशी स्वतः वाढत होत्या. माझ्या शेजारी मुलाकडची एक बाई बसली होती. तिने विचारलं, "या कोन?"

मावशी माझ्या ताटात भात वाढता वाढता थांबल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "ही आमची ताई. हिच्यामुलं माजी पोर वाचली. नायतर कर्ज काडून शिकवायला निगालो होतो. येवडी शिकलेली, पन आमच्यापासून काय लपवलं नाय हिनं. आपलं सगलं खरं खरं सांगितलं."

त्या बाईने माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "अशी मानसं पायजेत."

मावशींनी अजून एक डाव भात घातला. मी नको म्हटलं नाही. समोर मांडवात मुलगी नवऱ्याला कोण कुठले पाहुणे ते सांगत होती, आणि माझ्याकडे हात करून ती काही तरी बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. नवऱ्याने लांबूनच मला नमस्कार केला. मी डावा हात वर केला आणि खाली मान घालून ताटातलं सगळं संपवलं.

संध्याकाळच्या एसटीने पेणला परत आले. वडील तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. त्यांनी विचारलं, "कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं," मी म्हटलं. "मुलगा चांगला आहे. नोकरी कायम आहे."

"कर्ज नाही ना काढलं लग्नाला?"

"नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

मी आत जाऊन साडी बदलली. आई विचारत होती, जेवायला काय काय होतं. तिला मी एकेक करून सगळं सांगितलं, आणि मावशी काय म्हणाल्या तेवढं सोडून दिलं.